डाव्या काचेचं रबर

भुतांवर माझा विश्वास नव्हता, एवढंच सांगून मी थांबणार नाही... कारण माझं घर बऱ्याच अंशी लोकांच्या भुतांवर चाललं आहे! शेगावात माझं गाड्यांच्या काचा आणि रबर बसवायचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत किती जण येऊन हळूच कानात सांगून गेले असतील – "विलासभाऊ, गाडीत कोणीतरी आहे."

एकाच्या गाडीत बाई रडायची. बरोबर साठच्या स्पीडला, मागच्या सीटवर. बिचाऱ्याने लिंबू-मिरची बांधली, काळी बाहुली बांधली, मागे कोणाला बसवणं सोडलं. मी मागच्या दाराचं रबर दोन बोटं उचललं, खालून गुटख्याच्या पुडीचा फाटका तुकडा काढला, आणि बाई कायमची गेली. दुसऱ्याच्या गाडीत त्याची वारलेली सासू सुस्कारे टाकायची. पुढच्या काचेच्या कोपऱ्यात बारीक फट होती. सिलिकॉन भरलं, सासू गप्प. तो जावई नंतर माझ्या पाया पडला!

हे किस्से मी संध्याकाळी दुकानासमोर खुर्च्या टाकून सांगतो. नुसते सांगत नाही, करून दाखवतो. रडणारी बाई, सुस्कारणारी सासू, ट्रकच्या टपावर फडफडणारी ताडपत्री, अडकलेला वायपर... सगळे आवाज तोंडाने काढतो. आमच्या ओळीत मला त्यासाठीच ओळखतात. ऐकायला चहावाला किटली खाली ठेवून उभा राहतो.

वारा सोडून गाडीत कोणीही शिरत नाही, हे माझं ठाम मत होतं. आज लिहायला बसलो आहे तो ते मत कसं गेलं ते सांगायला. सुरुवात मी हसत करतो आहे, ती सवयच आहे. शेवटपर्यंत हसणं टिकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. हिवाळा नुकता लागला होता. सकाळी अकराच्या सुमारास दुकानासमोर एक लाल गाडी येऊन थांबली. दोन दारांची, बुटकी, परदेशी, आणि वर काळं कापडी छत. उघडणारं छत! आमच्याकडे उघडी गाडी दिसते ती फक्त लग्नाच्या वरातीत, आणि तीही कोणीतरी जीपचं छत कापून केलेली. ही अस्सल होती. सगळी ओळ रस्त्यावर आली.

शेजारच्या दुकानात हमीदभाई बसतात. गाड्यांच्या सीटा आणि छतं शिवतात, वय साठच्या पुढे, जीभ मात्र विशीतली. ते ओरडले, "अबे विलास, ही गाडी धुऊन वाळत घातली होती का? आटली ना बे!"

"आणि नवरदेव कुठाय हमीदभाई?"

"नवरदेव घोड्यावरून येऊन राह्यला असंल मागून!"

आम्ही हसलो. आज तो विनोद आठवला की वाटतं, जीभ चावून तुकडा पाडायला हवा होता. कारण गाडीतून उतरले ते पासष्ट-सत्तरीचे एक गृहस्थ. पांढरा शर्ट, खिशाला पेन. डावीकडच्या सीटवर त्यांची बायको बसून होती. ती उतरली नाही.

"जय भीम. मी तायडे. वरवट बकालहून आलो," ते म्हणाले. बोलणं स्वच्छ, मास्तरांचं असतं तसं. "पावसाळ्यात डाव्या काचेतून पाणी आत आलं. सीट भिजली. आणि तिथेच वारा वाजतो. तो बंद करायचा आहे."

"जय भीम सर. वाऱ्याचं असं आहे, थोडाफार तर नव्या गाडीतबी वाजते."

"बाकीचा वाजू द्या. हा एक बंद करा."

"हा एक म्हणजे कोणता?"

"गाडी चालवून पाहा. कळेल."

मी खिडकीपाशी वाकलो. "काकू, उतरा ना. चहा घ्या."

"नाही भाऊ. बरी आहो मी इथं," त्या म्हणाल्या. दोन्ही हात मांडीवर, नजर समोर. सीट सोडली तर कोणी घेऊन जाईल, अशा बसल्या होत्या.

आता दोन वाक्यं माझ्या कामाची, म्हणजे पुढचं नीट समजेल. साध्या गाडीच्या दाराला काचेभोवती लोखंडी चौकट असते. छत उघडणाऱ्या गाडीला ती नसते. काच उघड्या तलवारीसारखी वर जाते आणि थेट छताच्या कडेच्या रबरात रुतून बसते. काच गव्हाएवढी जरी बाहेर कलली, किंवा रबर म्हातारं होऊन कडक झालं, की वारा शिट्टी मारतो आणि पाणी आत येतं. यात गूढ काही नाही. स्पीड वाढला की शिट्टी चढते, कमी झाला की उतरते. वाऱ्याला दुसरं काही येत नाही.

मी गाडी चालवायला बसलो. काकू शेजारी. मागच्या नावापुरत्या सीटवर तायडे सर, गुडघे कानाला लावून. वरवट बकालच्या दिशेने निघालो. पूर्णेचा पूल ओलांडला, दोन्ही बाजूला वेचणीला आलेला कापूस. कापडी छत थोडं घुमत होतं, बाकी काही नाही. मी मनात म्हटलं, म्हातारपणी कान वाजत असतील सरांचे.

वरवट बकालच्या अलीकडे ओढ्यावर एक लहानसा पूल आहे. कठडा एका बाजूने तुटका. त्या पुलावर गाडी चढली आणि माझ्या डाव्या कानाच्या दिशेने शिट्टी आली. दोन आखूड, एक लांब. आणि लांब होती ती शेवटाला अशी वर उचललेली... कोणीतरी प्रश्न विचारावा तशी.

मी ब्रेकवर पाय ठेवला. काकूंनी हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या. पीठ मळायला बसताना बाया सारतात ना, तशा. आरशात पाहिलं तर सरांनी डोळे मिटले होते.

मी गाडी वळवली. गावाकडून शेगावकडे तोंड करून त्याच पुलावरून गेलो. काही नाही. पुन्हा वळवली, गावाकडे तोंड. शिट्टी! चाळीसच्या स्पीडला तीच, साठला तीच. एक सूर इकडे नाही की तिकडे नाही. तीन वेळा गेलो, तीन वेळा आली.

आणि खरं सांगू? मला आनंद झाला! असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मी सरांना म्हणालो, "सर, गाडी चार दिवस ठेवून जा. याचा बाप कोण ते शोधून काढतो." हेच शब्द होते माझे.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या काचेच्या मागे लागलो. कागदाची पट्टी रबर आणि काचेमध्ये धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची, ही आमची पहिली परीक्षा. पट्टी सुळकन निघाली तर तिथे फट. इथे पट्टी सगळीकडे अडून आली. मग पाण्याचा पाईप लावला. पाणी आत आलं, पण रबरातून नाही! छताच्या कडेला पाणी वाहून जायची बारीक भोकं असतात, ती काळ्या मातीने बुजली होती. तार घातली, चिखल निघाला, पाणी बंद. म्हणजे पाण्यात त्या रबराचा काही गुन्हाच नव्हता. हे लक्षात ठेवा. मी मात्र विसरलो.

राहिली शिट्टी. त्यासाठी माझ्याकडे शेवटचं हत्यार आहे. काचेभोवतीच्या सगळ्या फटींवर बाहेरून टेप चिकटवायची. मग आवाज बंद होतोच. त्यानंतर वीतभर टेप काढायची, गाडी पळवायची, पुन्हा वीतभर काढायची. ज्या वितीला आवाज सुरू झाला तिथे चोर. तोवर ही परीक्षा कधी चुकली नव्हती.

मी डावी काच मुंगी जाणार नाही अशी टेपने बंद केली. साक्षीला हमीदभाईंना शेजारी बसवलं. ते सगळ्या रस्त्याने बडबडत होते – "विलास, या गाडीत बसून मी बिनाघोड्याचा नवरदेव दिसून राह्यलो," वगैरे. ओढ्याच्या पुलावर गाडी चढली.

दोन आखूड, एक लांब.

हमीदभाईंची बडबड तिथेच थांबली. टेपकडे बघत म्हणाले, "ते वाजलं."

"वाजलं."

"टेप तर पूर्ण आहे."

"पूर्ण आहे."

"मेरी सुन, विलास. ये हवा का काम नहीं. पाणी बंद झालं ना? मग गाडी देऊन टाक त्याहिले. हात नको लावू आता."

मी ऐकलं नाही. काच खाली करून गेलो, तेव्हा शिट्टी आली नाही. काच वर केली, आली. म्हणजे चोर काचेपाशीच होता! आणि मी, काचेतला दादा माणूस, तो पकडू शकत नव्हतो... माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

तिसऱ्या दिवशी तायडे सर एसटीने एकटेच आले. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, पाण्याचं झालं. शिट्टीची फट सापडत नाही."

ते स्टुलावर बसले. चहा तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, "मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. आवाज आहे म्हणजे फट असलीच पाहिजे."

"हो सर, पण–"

"ही गाडी आमच्या सुमेधची. एकुलता एक. पुण्याला नोकरीत होता. लहानपणापासून त्याला उघड्या गाडीचं वेड. सेकंडहँड घेतली, हौसेने गावी आणली... एकदाच आणली. नंतर पाच महिन्यांनी ताप आला आणि चार दिवसांत गेला." एवढं ते वर्गात शिकवावं तसं बोलले. पुढे मात्र बोलण्यातला मास्तर गळून पडला. "त्याची माय म्हंते, ती शिट्टी सुमेधची आहे. रोज सायंकाळी मले गाडी काढाले लावते. गावाबाहेर जायचं आणि वापस यायचं. पुलावर शिट्टी ऐकली का घरी येऊन तिघांचा सैपाक करते. त्याचं ताट वाढून ठेवते. दिवस बुडाला का मी ते ताट उचलून गाईपुढं नेतो. वर्ष झालं भाऊ. रोज. तुम्ही मले फट दाखवा. फट नसंल तर मी तिले काय सांगू? आणि माह्या मनाले काय सांगू?"

मी विचारू नये ते विचारलं, "सर, तुम्हाला ऐकू आल्यावर... तुम्हाला काय वाटते?"

त्यांनी चहा न पिता ठेवून दिला.

मी ठरवलं, फट सापडो न सापडो, रबरच बदलायचं. पुण्याच्या ओळखीच्या माणसाकडून नवं मागवलं. पंधरा दिवस लागले. दाराचं आतलं पॅनल खोललं, स्क्रूचा अर्धा आटा फिरवून काच खाली घेतली, आत कलवली, नवं रबर बसवलं. जुनं हातात घेऊन पाहिलं – ताणलं, पिळलं, बादलीत बुडवलं. चीर नाही, भेग नाही. मऊ होतं. चांगलं होतं.

माझ्या दुकानाचा एक नियम आहे. काढलेलं जुनं रबर वेटोळं करून, सुतळीने बांधून गिऱ्हाइकाच्या डिकीत ठेवायचं. म्हणजे खरंच बदललं याची त्याला खात्री. तोवर हा नियम मी कधी मोडला नव्हता. त्या दिवशीही वेटोळं डिकीत ठेवत होतो, तेवढ्यात सरांनी माझा हात धरला. काकू पुढे सीटवर बसल्या होत्या, म्हणून हळू आवाजात बोलले – "ते नको. घरात नको. तुमच्याकडंच राहू द्या, काही करा त्याचं."

मी ते दुकानात टाकलं आणि शेवटच्या परीक्षेसाठी मागच्या सीटवर जाऊन बसलो. सर चालवत होते. मागून मला काकूंचा चेहरा दिसत नव्हता, उजवा हात तेवढा दिसत होता. पूल येण्याच्या आधीच त्यांनी बांगड्या कोपराकडे सारून ठेवल्या.

पूल आला. पूल गेला.

काही नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चोख काम! छतसुद्धा घुमलं नाही.

"पाह्य," सर म्हणाले, "फट होती. मी म्हनलं होतं ना?"

"हाव," काकू म्हणाल्या. मग एकेक बांगडी खाली आणली. एक... मग दुसरी... घाई नव्हती. गाव येईपर्यंत ते चाललं होतं.

आता दुसरी सकाळ.

दुकानाच्या मागेच आमचं घर आहे. हिवाळ्यात अंघोळीचं पाणी आम्ही अजून बंबावर तापवतो. आणि बंब पेटवायला लाकडांखाली जुन्या ट्यूबचा नाहीतर रबराचा तुकडा घालायची मला सवय. लगेच धरतं. माझी बायको सुनंदा रोज वासाच्या नावाने ओरडते, मी रोज हो म्हणतो आणि रोज घालतो. त्या दिवशी हाताला ते वेटोळं लागलं. मनात काही आलंच नाही, असं नाही. आलं. पण मी म्हटलं, रबर ते रबर. आणि खरं सांगायचं तर मला ते डोळ्यांसमोर नको होतं. सुतळीसकट खाली सरकवलं आणि काडी ओढली.

सातची वेळ असेल. कोवळं ऊन आलं होतं, रस्त्यावर दर्शनाला आलेल्या लोकांच्या रिक्षा सुरू झाल्या होत्या. मी पाणी तापलं का ते बघत नळाशी बोट धरून उभा होतो. आणि बंबाच्या धुराड्यातून आली.

दोन आखूड. एक लांब. शेवटाला वर उचललेली.

धुराड्यातून वाफ, गॅस, काय काय वाजतं ते मला माहीत आहे. हे ते नव्हतं. जो आवाज मी वीस-पंचवीस वेळा त्या पुलावर ऐकला होता तोच होता. एकदाच आली. मी खाली बसून लाकडं ओढली, हात भाजला, पण रबर वितळून गेलं होतं. काळा धूर आणि ठिबकणारे थेंब. पुन्हा काही वाजलं नाही.

आत आलो तर सुनंदाने तवा ठेवला होता. आमच्याकडे भाकरी दहाच्या पुढे होतात. सातला कधीच नाही.

"काऊन गं? आत्ताच?"

ती परातीत पीठ घेऊन बसली होती. जराशी गोंधळली. "काय माहीत बाप्पा. कोनीतरी बाहेरून शिट्टी मारली ना... मले वाटलं, कोनी जेवाले येऊन राह्यलं."

तिला मी त्या गाडीबद्दल एक शब्दही सांगितलेला नव्हता. गिऱ्हाइकाच्या घरचं दुःख घरात आणायचं नाही, ही माझी पद्धत. तिने दोन भाकरी केल्या आणि टोपल्यात झाकून ठेवल्या.

दहाच्या एसटीने तायडे काकू आल्या. एकट्या. दुकानाच्या पायरीशी चपला काढून ठेवल्या, देवळात यावं तशा.

"भाऊ, ते जुनं रबर द्या."

मी काय करावं? मी खोटं बोललो. म्हणालो, "काकू, ते मागं भंगारात गेलं."

"मंग शोधू."

दुकानामागे आमचं भंगार पडलेलं असतं. रबरं, बीडिंगच्या पट्ट्या, फुटक्या काचा, कितीतरी वर्षांचं. काकूंनी पदर खोचला आणि त्या ढिगात बसल्या. मीही शेजारी बसलो. जे मी स्वतःच्या हाताने तीन तासांपूर्वी जाळलं, ते मी त्यांच्याबरोबर शोधत होतो. त्या एकेक वेटोळं उचलायच्या – "हे का?" मी म्हणायचो, "नाही." "हे?" "नाही काकू." हमीदभाई पलीकडून बघत होते. मध्येच पाणी आणून देताना काकूंशी दोन शब्द बोलून गेले.

शोधता शोधता काकू बोलत होत्या. माझ्याशीच असं नाही. "शाळेतून सायकलीवर यायचा. पुलावर आला का शिट्टी. म्हंजे – आई, तवा ठेव. घरी येईपर्यंत भाकर फुगलेली पाह्यजे त्याले. कालेजात गेला तरी तेच, नोकरीले लागला तरी तेच... ही गाडी आनली ना, तव्हा म्हने, आई बस, छत उघडं करून तुले गावातून फिरवतो. मी नाही बसली. लोकं हासतीन म्हनलं, या वयात उघड्या गाडीत. पुढच्या टायमाले बसते म्हनलं." हातातली पट्टी त्यांनी खाली ठेवली. "आता रोज बसते मी. तर तो रोज सांगते, तवा ठेव. सर म्हंतात फट आहे. असू दे ना फट. मले काय करायचं आहे? मले फटीतून आली तरी चालते."

बाराला सुनंदा बाहेर आली. "काकू, उठा आता. चार घास खाऊन घ्या." ओढूनच आत नेलं. पाटावर बसवलं, ताटात वांग्याची भाजी, ठेचा, आणि टोपल्यातल्या त्या दोन भाकरी. मी दारात उभा होतो. काकूंनी एक घास मोडला. मग सहज विचारलं, "पोरी, भाकर तर सकाळचीच दिसते. कोनासाठी टाकली होती?"

आणि सुनंदाने, जिला काही माहीत नव्हतं, हसून सांगून टाकलं. "काय सांगू काकू! सकाळी कोनीतरी मोरीकडून शिट्टी मारली, आन मी येड्यावानी तवाच ठेवला पाहा!"

काकूंचा घास तोंडात तसाच राहिला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. मला शिव्या हव्या होत्या. त्यांनी विचारलं, "मोरीकडं काय आहे?"

मी बंबाकडे बोट केलं.

त्या उठून तिथे गेल्या. उकिडव्या बसल्या. खालची राख हाताने चाळली. त्यात काळा, कडक झालेला गोळा निघाला, चिंचोक्याएवढा. तो पदराच्या टोकाला बांधला. मग परत येऊन पाटावर बसल्या आणि दोन्ही भाकरी संपवल्या. सावकाश, तुकडासुद्धा न टाकता. सुनंदाला काही कळत नव्हतं, पण तिने पाणी वाढलं.

हात धुऊन झाल्यावर काकू माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मले नाही आली ऐकू," त्या म्हणाल्या. "काल पुलावर नाही आली, आज इथं तुम्हाले आली. हमीदभाऊ सांगत होते, तुम्ही सगळे आवाज तोंडानं काढता. हुबेहूब. मंग एवढी एक काढून दाखवा."

मी सव्वीस वर्षं चौकात आवाज काढून टाळ्या घेतल्या आहेत. शिट्टी तर मला शाळेपासून येते. मी ओठ जुळवले...

नुसता वारा आला.

पुन्हा जुळवले. पुन्हा वारा. सूर डोक्यात स्वच्छ होता, आजही आहे. दोन आखूड, एक लांब. ओठांवर येत नव्हता. काकू माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या, बांगड्या कोपराकडे सारून. मी किती वेळ प्रयत्न केला ते मला सांगता येणार नाही. शेवटी हमीदभाईंनीच येऊन त्यांना एसटीपर्यंत पोचवलं.

त्याला आता दोन वर्षं होत आली. चार महिन्यांनी तायडे सर गाडी घेऊन आले होते. खाली मान घालून म्हणाले, "विलासभाऊ, परत वाजवता येईल का?" मीही वेड्यासारखा कामाला लागलो. नवं रबर कापलं, काच बाहेर कलवली, फटी पाडल्या. सुस्कारे आले, घोंगावणं आलं, रडणारी बाईसुद्धा आली. ती आली नाही. आवाज बंद करायचं शिकलो होतो मी, लावायचं नाही. त्या दिवशी सरांनी मी न विचारता सांगितलं, "तुम्ही विचारलं होतं ना, मले काय वाटते? मीबी रोज गाईले नेण्याआधी त्या ताटातला एक घास खात होतो."

टेप लावलेली असताना ती कुठून येत होती? गावाकडे तोंड असतानाच का? सुनंदाला तवा ठेवायला कोणी सांगितलं? मला येऊन बरेच जण लॉजिक सांगतात. तापलेल्या धातूचं सांगतात, मनाचं सांगतात, पुलाच्या कठड्यावरून वळणाऱ्या वाऱ्याचं सांगतात. मी सगळ्यांचं ऐकून घेतो. पटलेलं एकही नाही.

काकू अजून येतात, महिन्यातून एकदा, शेगावला काही कामासाठी आल्या की. पायरीशी चपला काढतात, स्टुलावर बसतात. आता काही मागत नाहीत, नुसत्या बघतात. मग मी हातातलं काम ठेवतो, तोंड पुसतो आणि ओठ जुळवतो.

वारा येतो.